चार टाक्यांवर उभी असलेली निळी गाडी

मी, डेलबर्ट ओटो क्लिंगर, वय वर्षे एकाहत्तर, राहणार पॉल्डिंग, ओहायो, पूर्वी कारखान्यात वेल्डिंग तपासनीस आणि सध्या प्राणवायूच्या नळीला बांधलेला माणूस, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कोणी भरीस न घालता लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. फुप्फुसे नाहीत, पण मृत्युपत्राला ती लागत नाहीत असे वकील म्हणाला. या आधीचे मृत्युपत्र रद्द समजावे. ते लिहिले तेव्हा मला घाई नव्हती.

१. घर, त्यातले सामान आणि बँकेत असेल ते सर्व माझी पत्नी अर्लीन हिला. तिने एक्केचाळीस वर्षे माझी कुरकुर ऐकली, त्या मानाने हे कमीच आहे. फ्रीझरमधले हरणाचे मांस तिने स्वतः खावे, आपल्या भावाला वाटू नये.

२. तो भाऊ, व्हर्लिन स्टकी, याला माझी मासेमारीची बोट आणि सगळे गळ. बोट बुडाली तर त्याला पोहता येते. गाडी मात्र त्याला नाही, गाडीची किल्लीही नाही. हे मृत्युपत्र खरे तर या एका गोष्टीसाठीच लिहिले आहे.

३. गाडी. एकोणसत्तर सालची, निळी, दोन दारांची. लग्नाच्या वर्षी जुनी घेतली. इंजिन दांडगे आणि मागचा मूळचा ॲक्सल किरकोळ, ड्रम ब्रेकचा. पैलवानाला पोराच्या चपला घालाव्यात तसे ते होते. गेल्या हिवाळ्यात मी भंगारवाल्याकडून अठ्ठ्याण्णव सालच्या एका मोठ्या गाडीचा ॲक्सल आणला, डिस्क ब्रेकवाला, जाडजूड. रुंदीला जास्त होता म्हणून ॲक्सलची एका बाजूची नळी कापून आखूड केली. इथपर्यंत काम चोख झाले.

पुढचे नीट वाचावे. ॲक्सल स्प्रिंगच्या ज्या दोन पाट्यांवर बसतो त्यांच्या दोन बैठका नव्या ॲक्सलवर नव्याने जोडाव्या लागतात. आधी त्या नुसत्या टाक्यांनी, म्हणजे वेल्डिंगच्या ठिपक्यांनी, धरायच्या, एका बैठकीला दोन टाके. मग गाडी स्वतःच्या वजनावर उभी करून ॲक्सलच्या तोंडाचा कोन बघायचा. तो जुळला की ॲक्सल खाली उतरवायचा आणि पक्के वेल्डिंग करायचे, थोडे इकडे, थोडे तिकडे, निववत निववत, नाहीतर नळी वाकते. मी टाके घातले. कोन बघितला, बरोबर जुळला. दुसऱ्या दिवशी सकाळी मला श्वास लागला आणि इस्पितळात नेले.

तीन आठवड्यांनी नाकाला प्राणवायूची नळी लावून घरी आलो, तर व्हर्लिन गॅरेजच्या दारात लग्नातल्या नवरदेवासारखा उभा. मला आनंद व्हावा म्हणून त्याने ॲक्सलला काळा चकचकीत रंग दिला होता, ब्रेक जोडले होते, तेल भरले होते आणि गाडी रस्त्याच्या टोकापर्यंत नेऊन परत आणली होती.

"बघ डेल, तुझं राहिलेलं काम उरकून टाकलं!"

"अरे गाढवा, नुसते टाके आहेत ते!"

"कसले टाके? मी स्वतः रंगवलंय. हे एवढं जाड वेल्डिंग आहे."

"तो तुझ्या रंगाचा थर आहे!"

"तुझं नेहमीचंच. तू देवाच्या कामावरसुद्धा फुली मारशील."

आमच्या भागात गाडीवेडा माणूस मेला की शववाहिकेच्या मागे त्याची गाडी चालते. दफनभूमीच्या फाटकापाशी पुढचे ब्रेक दाबून धरतात आणि मागची चाके जागच्या जागी फिरवून धूर काढतात. ती सलामी. गाडी व्हर्लिन चालवणार आणि शेजारी अर्लीन बसणार, असे त्या दोघांनी ठरवले आहे. मी समोरच्याच खुर्चीत होतो. अर्लीनने त्या दिवसासाठी निळा रुमालही घेतला आहे. धूर काढताना ॲक्सल उलटा फिरू बघतो. ते चार टाके तिथे दोन सेकंदही धरणार नाहीत. इंजिनाकडून ॲक्सलकडे जाणारा फिरता दांडा गाडीचा तळ फाडून आत येईल, आणि आत अर्लीन असेल.

मी तिला सांगितले. दहादा सांगितले. ती म्हणाली, "डेल, तुझ्या गाडीत बसून तुला पोचवायला मिळावं, एवढंच मागतेय मी. त्या बिचाऱ्याने मनापासून केलंय. मरताना तरी त्याला पास कर."

गाडीच बिघडवून ठेव, असे कोणी म्हणेल. न सुरू होणारी गाडी सुरू करणे ही एकच विद्या व्हर्लिनला येते.

४. माझे कोणी ऐकत नाही याला मीच कारण आहे. एकतीस वर्षे मी पिवळा खडू घेऊन कारखान्यात हिंडलो. कच्च्या कामावर फुली मारली ते योग्यच होते. पण सवय लागली. शेजाऱ्याच्या फाटकावर, चर्चच्या कठड्यावर, दिसेल त्या सांध्यावर बोट ठेवू लागलो. आज गावात पक्के वेल्डिंग येणारे तीन जण आहेत आणि तिघांच्याही कामावर माझी फुली पडली आहे. मी तिघांना फोन केले. एकजण बघून गेला, रंगावर नख मारून हसला आणि म्हणाला, "मिस्टर क्लिंगर, हे तर तुमच्याच हातचं. तुमचं काम कधी कच्चं असतं का?" ही त्याची परतफेड होती. खडूंचा डबा कचऱ्यात टाकावा.

५. गाडी, वेल्डिंग मशीन, ग्राइंडर आणि गॅरेजमधली सर्व हत्यारे माझी मुलगी मार्ला हिला. ती विस्कॉन्सिनमध्ये जहाजाच्या गोदीत वेल्डर आहे. आम्ही सोळा वर्षे बोललेलो नाही.

परगण्याच्या जत्रेत वेल्डिंगची स्पर्धा होती. मी परीक्षक, ती एकोणीस वर्षांची. तिने वेल्डिंगने जोडलेली पट्टी सगळ्यांत सरस होती. बापाने पोरीला पहिला नंबर दिला असे लोक म्हणतील, या भीतीने मी तिच्यावर फुली मारली, सगळ्या गावासमोर.

ती म्हणाली, "पपा, कुठे चुकलं ते तरी दाखवा."

मी म्हणालो, "डोळे असतील तर दिसेल."

मार्ला, ती पट्टी मी घरी आणून कापली. आत हवेचा एकही बुडबुडा नव्हता. मला ते आधीच माहीत होते. मी भित्रा होतो आणि त्याला शिस्त म्हणत होतो. माझे चुकले. दोन पत्रे टाकली, उत्तर आले नाही, आणि ते बरोबरच आहे. तिसरे म्हणून या मृत्युपत्राची नक्कल आजच्या टपालाने पाठवत आहे. माझ्यासाठी नको, आईसाठी ये.

६. शनिवारपर्यंत ती आली नाही, तर रविवारी अर्लीन चर्चला गेल्यावर मी स्वतः काम करणार आहे. गाडी गॅरेजमधल्या लिफ्टवर उचललेली आहे, खाली उभे राहता येते. प्राणवायूजवळ ठिणगी चालत नाही, म्हणून नळी काढून स्वयंपाकघरात ठेवावी लागेल. नळीशिवाय मी घड्याळ लावून अकरा मिनिटे टिकलो, तेही बसून. रंग घासून दोन्ही बैठकांच्या मिळून चारही बाजू भरायला चाळीस मिनिटे लागतील. मध्ये मध्ये घरात येऊन दम घेईन. ॲक्सल उतरवायची ताकद नाही, म्हणून जागेवरच वेल्डिंग करीन. ॲक्सलची नळी थोडी वाकेल. असले काम माझ्यासमोर आले असते तर मी त्या माणसाला घरी पाठवला असता.

मला मरायचे नाही, हे स्पष्ट लिहितो. मला भीती वाटते. पण अर्लीन त्या गाडीत बसणार, याची जास्त वाटते.

७. हे पाकीट मी गॅरेजच्या दाराला आतून चिकटवणार आहे. मी आत पडलेला सापडलो तर आधी वेल्डिंग मशीनचा भिंतीवरचा खटका बंद करावा. मग मला ओलांडून, विजेरी घेऊन गाडीखाली बघावे. चारही बाजू भरलेल्या असतील तर अर्लीनने रुमाल बांधून खुशाल बसावे आणि व्हर्लिनने हवा तेवढा धूर काढावा. एक जरी बाजू राहिली असेल तर मला पुरू नये. बर्फात ठेवावे आणि मार्लाला फोन करून फक्त एवढे सांगावे की सांधा अर्धवट राहिला आहे. मेलेल्या बापासाठी ती येणार नाही. अर्धवट सांध्यासाठी रात्रभर गाडी चालवत येईल. माझीच मुलगी आहे.

(सही) डेलबर्ट ओटो क्लिंगर

वरील सही आम्हा दोघांच्या डोळ्यांदेखत झाली. सही करणारा शुद्धीवर होता. मजकूर आम्ही वाचलेला नाही. त्याने तो हाताने झाकून धरला होता.

साक्षीदार:
१. मिल्टन शॅफर, शेजारी
२. ग्लेंडा राऊश, प्राणवायूचे नळकांडे पोचवणारी

ठिकाण: पॉल्डिंग, ओहायो
सोमवार, ९ सप्टेंबर २०१९