काळा चेंडू एकटा

४ मार्च, मंगळवार

पायावर मोगरी बसली! माझ्याच पायावर, माझ्याच हाताने. अंगठा टोमॅटोसारखा झालाय आणि तरी उद्या परत जाणार आहे.

आईंच्या — म्हणजे सासूबाईंच्या — जोडीदारणीचं मनगट मुरगळलं. स्पर्धा तोंडावर. काल चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाल्या, "सूनबाई, उद्यापासून क्रोकेला तू." विचारलं नाही, सांगितलं. त्यांचं सगळं असंच.

बागेमागच्या हिरवळीवर सहा लोखंडी कमानी, मधोमध रंगीत खुंटा. लाकडी मोगरीने चेंडू मारायचा, ठरलेल्या क्रमाने कमानींतून न्यायचा, मग दुसरी फेरी, आणि शेवटी खुंट्याला लावायचा. कमान पार झाली की आणखी एक फटका मिळतो. "एवढंच?" म्हटलं. आई नुसत्या हसल्या. तेव्हाच ओळखायला हवं होतं. कमान चेंडूपेक्षा जेमतेम कागदभर रुंद आहे!

७ मार्च, शुक्रवार

खरी गंमत आज कळली! आपला चेंडू दुसऱ्या चेंडूवर आदळला की आपला उचलायचा, त्याला चिकटवून ठेवायचा आणि असा मारायचा की दोन्ही हलतील. वर आणखी एक फटका आहेच. म्हणजे समोरच्याचा चेंडू पार कोपऱ्यात हाकलायचा आणि आपण ऐटीत कमानीपुढे. पांढरे कपडे, हळू आवाज, "छान मारलंत हं" — आणि आतून सगळे एकमेकांच्या मुळावर! मला फार म्हणजे फार आवडला हा खेळ.

"हसू नकोस मारताना," आई म्हणाल्या. "काही वाईट करायचं असेल तेव्हा चेहरा गरीब ठेवायचा." स्वतःचा करून दाखवला. इतका गरीब चेहरा मी आजवर पाहिला नव्हता.

१० मार्च, सोमवार

मालकांनी मागच्या खोलीत बोलावलं, मी चष्म्याच्या काचा घासते तिथे. म्हटलं, काहीतरी फुटलं असणार माझ्याकडून. तर म्हणाले, दुसऱ्या शहरात दुकान काढतोय, तिथलं काचांचं सगळं काम तुमच्याकडे. प्रमुख! मी! महिनाअखेर सांगा म्हणाले.

घरापर्यंत तरंगत आले. दारात आई मोगरीचा दांडा तेलाने पुसत बसलेल्या. म्हणाल्या, "आज उशीर? बूट काढू नकोस, उजेड आहे अजून."

हे जहाजावर, वर्षातून दोनदा घरी. मी गेले तर आई या घरात एकट्या. मागे एकदा दुसरीकडे राहायला जायचा विषय निघाला होता, तर म्हणाल्या होत्या, "मला हलवायचं तर हिरवळीसकट हलवा."

दुकानाचं मनातच ठेवून मोगरी उचलली.

१२ मार्च, बुधवार

एका दमात तीन कमानी!! आई "बरं" म्हणाल्या. त्यांचं "बरं" म्हणजे दुसऱ्यांच्या टाळ्या.

१६ मार्च, रविवार

उपांत्य सामना जिंकलो! आणि अंतिम सामन्यात समोर कोण, तर माझेच मालक आणि त्यांचा मेहुणा. सोमवारी तोंड कसं दाखवायचं, हरवलं तर? "हसत," आई म्हणाल्या.

शेवटचा धडा आज. चेंडू खुंट्याला लागला की तो उचलला जातो आणि त्याचा खेळाडू बाहेर. जोडीदार मागे एकटा राहतो, समोर दोघं. म्हणून दोन्ही चेंडू जवळ आणायचे आणि एकाच पाळीत लावून टाकायचे. दोघांच्या कमानी झाल्या असतील तर जोडीदाराचा चेंडूही आपण लावू शकतो. "पण एकटा लावून सोडायचा नाही," आई दोनदा म्हणाल्या. "तो मूर्खपणा."

मी सामान आवरत होते तेव्हा मालक आईंशी बराच वेळ बोलत उभे होते. डावपेच काढून घेत असतील.

२१ मार्च, शुक्रवार

ठरलं. मालकांना नकार द्यायचा. सामना झाला की सोमवारी. न्हाणीघरात नळ सोडून रडले थोडी. आता बरं वाटतंय. फार नाही.

२३ मार्च, रविवार

राग जात नाहीये! जिंकून राग येतो का कोणाला? मला आलाय!

माझ्या निळ्याच्या सगळ्या कमानी झालेल्या. आईंच्या काळ्याच्याही. दोन्ही खुंट्यापासून चार पावलांवर, पाळी आईंची. डोळे मिटून दोन्ही लागले असते. आईंनी माझ्याकडे पाहिलं — एकदम गरीब चेहरा — आणि काळा निळ्यावर आदळवून, त्याला चिकटवून मोगरी अशी काही हाणली की निळा टक् करून खुंट्याला आणि काळा सुसाट पार कडेपर्यंत! उरलेला फटका तिथूनच मारला. चुकला.

पंच आले, माझा चेंडू उचलून घेऊन गेले. मी बाहेर. बाकावर! मागे कोणीतरी "वय झालं हो" म्हणालं आणि मला त्यालाच मोगरी घालावीशी वाटली.

मालकांचा तांबडा शेवटच्या कमानीत अडकला. आई परत लांबून मारून चुकल्या. मग मेहुण्याने पिवळा खुंट्यापाशी आणून ठेवला आणि तांबड्याला आता एकच कमान. पुढच्या पाळीत ते संपवणार, हे मलाही दिसत होतं. आई कोपऱ्यात, समोर सगळी हिरवळ पसरलेली, एकट्या. त्यांनी पाय रोवले, टोपी मागे सारली आणि मारला. चेंडू जातोय, जातोय — टक्!

सगळे उठून ओरडले! मी तर बाकावर चढले होते.

पण घरी येताना भांडलेच. "दोन्ही लागत होते! मला का बाहेर काढलंत?"

"हात घसरला गं."

आईंचा हात? घसरला?

२४ मार्च, सोमवार

सकाळी चहा ओतता ओतता आई म्हणाल्या, "तू बाहेर बसलीस तर माझं मला जमतं का, बघायचं होतं. जमतं. मालकांना काल मीच सांगून टाकलं, नव्या दुकानात येतेय ती म्हणून. मोगरी बॅगेत तिरकी बसते, मी बघितली घालून."

विचारलं नाही. सांगितलं.