बारा एमएमचा बोल्ट

शनिवार, १ नोव्हेंबर. संध्याकाळ
अपेक्षाला तळेगावच्या कंपनीत नोकरी लागली. पोरीची पहिलीच. दहा तारखेला जॉइनिंग. सांगवीपासून थेट गेटपर्यंत मी गाडीने सोडणार, असं घरात जाहीर केलं. सुमन म्हणाली, गाडी पुढून खडखडतेय, आधी बाळाजीला दाखवा. बाळाजी म्हणजे कोपऱ्यावरचा गॅरेजवाला. खाली वाकून म्हणाला, चाकाला धरून ठेवणारा लोअर आर्म असतो, त्याचे रबरी बुश गेलेत, गाडी इथेच सोडून जा. नाही सोडली. चाकणला नट-बोल्टच्या कंपनीत बावीस वर्षं काढलेल्या माणसाने गॅरेजला जाणं शोभत नाही. बुश घेऊन आलो. उद्या अकरापर्यंत उरकतो.

रविवार, २ नोव्हेंबर. दुपारी १.१५
चाक काढलं. आर्म सुटला, फक्त एक बोल्ट सोडून. गंजला होता. पान्याला पाईप लावून जोर दिला. बोल्ट तुटला. या वयात एवढी ताकद बघून स्वतःलाच बरं वाटलं. अपेक्षा म्हणाली, बाबा, तुम्ही तो आवळत होता. खाली झोपलं की डावं-उजवं बदलतं. मला माहीत होतं, तेवढ्यापुरतं आठवलं नाही.
हरकत नाही. बोल्टला आपल्याकडे काय तोटा.

सोमवार, ३ नोव्हेंबर
कंपनीत तोटा आहे. मी डिस्पॅचला खोके मोजतो, त्यामुळे बावीस वर्षांत आत बघायची वेळ आली नव्हती. आज परवानगी घेऊन एक खोका उघडला. करंगळीएवढे स्क्रू. दुसरा उघडला. तेच.

मंगळवार, ४ नोव्हेंबर
पिंपरीतलं दुकान. बारा एमएम, लांबी ऐंशी, असं व्यवस्थित सांगितलं. दुकानदार विचारतो, गाडी कोणती. म्हटलं, बोल्टला गाडीशी काय करायचंय, मापावर द्या. दिला.
घरी नट चार आटे फिरून अडकला. अपेक्षाने दोन्ही बोल्ट शेजारी धरले. जुन्याचे आटे बारीक, नव्याचे जाड. दुकानदाराने हे विचारायला हवं होतं.

बुधवार, ५ नोव्हेंबर
भोसरीत बारीक आट्यांचा मिळाला. थोडा लांब आहे. बोटभर. मधे सात वॉशर घातले. सुमनने विचारलं, माळ ओवताय का. दुर्लक्ष केलं. काम जवळजवळ झालं आहे.

गुरुवार, ६ नोव्हेंबर
सल्ला म्हणून नव्हे, सहज टूलरूममधल्या कोंडाजीला दोन्ही बोल्ट दाखवले. चाकणजवळच्या गावातला, तीस वर्षं लेथवर. त्याने सात वॉशर मोजले. मग तुटलेल्या बोल्टचं डोकं पुसलं. त्यावर १०.९ असं कोरलेलं होतं. मी ती दहा सप्टेंबर तारीख समजत होतो. ते पोलादाच्या ताकदीचं माप निघालं. म्हटलं, तूच एक बनवून दे.
तो म्हणाला, "बनंल की. पर असलं पोलाद आपल्याकडं न्हाई. पोरगी बसणार हाय ना त्यात?"
"हो."
"मग गाडीचाच घ्या, साहेब."
बसमध्ये तेच वाक्य डोक्यात राहिलं. समोरची बाई काहीतरी विचारत होती, ऐकूच आलं नाही. घरी येऊन वॉशरवाला बोल्ट बाजूला ठेवून दिला. निर्णय माझाच.

शनिवार, ८ नोव्हेंबर
गाडीच्या पार्टच्या मोठ्या दुकानात गेलो. चेसिस नंबर मागितला. घरी विसरलो. परत गेलो तर शटर खाली.
सोफ्यावर बसून सुमनला म्हणालो, पोरीला बसनेच जावं लागणार. खूप लाज वाटली. हे फक्त इथेच लिहितोय.
अपेक्षाने ऐकलं. फ्रीजवरची प्लास्टिकची पिशवी आणून हातात दिली. नटासकट बोल्ट. मंगळवारीच तिने आरसी बुकाचा फोटो पार्टच्या दुकानात व्हॉट्सॲप केला होता, गुरुवारी माल घरी. सांगितलं का नाहीस? तर म्हणे, तुम्ही एवढे मन लावून शोधत होता.
मिक्सरचा पार्ट समजून मी ती पिशवी दोनदा बाजूला सरकवली होती.

रविवार, ९ नोव्हेंबर. सकाळी १०
बाळाजीला बोलावलं. पस्तीस मिनिटांत काम झालं. देखरेख माझी. टॉर्चही मीच धरला. बाळाजी एकदाच म्हणाला, भाऊ, उजेड चाकावर मारा, माझ्या डोळ्यांत नको.
एकंदरीत काम मनासारखं झालं.

सोमवार, १० नोव्हेंबर. सकाळी ७.४०, नाशिक फाटा
इस्त्रीचा शर्ट घालून खाली उतरलो. अपेक्षा स्टिअरिंगवर बसलेली. लायसन तिच्याकडे आहे, हे खरं. तिने विचारलं, बाबा, आज रजा टाकलीय ना? या गडबडीत राहूनच गेली होती. मग म्हणाली, तुमची बस फाट्यावर येते, वाटेत सोडते.
छान चालवते. मी एकदाही बोललो नाही, फक्त दापोडीला पाय दाबला. माझ्या बाजूला ब्रेक नाही.
फाट्यावर उतरवलं. "नीट जा हं," म्हणाली आणि गेली.
बसला अजून वीस मिनिटं आहेत. माझा डबा तिच्या गाडीत राहिला.