टॅब कायमची चालू

३ मार्च, बितुंग, इंडोनेशिया
"थकलेल्या माणसाचं वाक्य आपण पुरं करू नये," असं आई फार वर्षांपूर्वी म्हणाली होती. नव्या नोकरीच्या पहिल्याच दिवशी मी नेमकं तेच केलं, आणि आनंदाने. ट्युना डबाबंद करणाऱ्या या कारखान्यातली कापायची पाती संगणकावरच्या शेल नावाच्या खिडकीत हुकूम लिहून चालवतात, आणि प्रत्येक हुकूम अक्षर न् अक्षर लिहायचा, असा इथला रिवाज. लिहिणारे ओम फ्रेत्स (ओम म्हणजे काका) यांच्या उजव्या हाताला तीनच बोटं. बाकीची दोन डब्यातून परदेशी गेली, असं तेच सांगतात. लाइनवरच्या बायका चिडवतात, की ओमचा हुकूम पुरा होईतो मासा पोहायला लागेल. मी शेलमध्ये टॅब या कळीची सोय कायमची चालू करून दिली. दोन अक्षरं लिहा, टॅब दाबा, पुढचं शेल भरते. संध्याकाळी त्यांनी माझ्यासाठी तळलेली केळी आणि रोआ माशाची झणझणीत चटणी आणली.

५ मार्च
टॅब दाबली की पात्यांची यादी येते. आज तिच्या तळाशी 'योपी' होतं. योपी झाकणं लावतो, दोन मुलींचा बाप. ओम मला 'बू', म्हणजे बाई, म्हणतात; म्हणाले, बू लिन्चे, थट्टा पुरे. मी केली नव्हती. सगळ्या फायली चाळल्या. हे नाव कुठेच नाही.

६ मार्च
ओमनी धुण्याच्या हुकमाची दोन अक्षरं लिहिली, टॅब दाबली. खिडकीत भरलं गेलं: योपी. तो अडकलेला मासा काढायला वाकला होता. पात्याने खांद्यापासून हात उतरवला. तो त्या हाताकडे बघतच राहिला, तोवर दुसरं पातं मानेवर. खारवणीतलं रक्त माझ्या बुटांपर्यंत आलं.

८ मार्च
सोय बंद करते. शेल उघडली की पुन्हा चालू. साहेब म्हणाले, जहाज धक्क्याला लागलंय, लाइन थांबणार नाही. दहा वाजता नाव आलं: मेइस्के, लाइनवरच्या बायकांतली एक. माशांची डोकी उडवणाऱ्या पात्याखाली तिचं — केस अजून पट्ट्यावर फिरताहेत.

९ मार्च
आता टॅब दाबावी लागत नाही. दारं उघडत नाहीत. रिकाम्या ओळीवर नाव उमटू लागलं — फ्रेत्स. पट्ट्याने ओमना कमरेला धरून ओढलं. मी यादीत माझं नाव घातलं. एकाहून जास्त नावं असली की शेल थांबते, निवड मागते. पातं थांबलं — त्यांच्या छातीच्या वीतभर वर.

निवड होत नाही तोवर मिनिटाला एक नाव वाढतंय. लाइनवरच्या बायका —

मी माझ्या नावाची कळ दाबायला गेले. ओमनी पडल्या पडल्या माझं मनगट पकडलं. म्हणाले, वेडी का बू, माझं आता कापायला उरलंय काय, माझंच दाब.

डाव्या हाताने लिहितेय. ओम, तुम्ही नाहीच म्हणणार, तरी मागते — मनगट सोडा, मला माझं —