दाराशी उभी सायमी

२३ फेब्रुवारी, लेह्तोवारा

आलो एकदाचे. हेलसिंकीतल्या दोन खोल्यांच्या भाड्यात इथं आख्खं घर मिळालं. मागे वाफेनं न्हायची सौना, पुढे गोठलेलं तळं. बायको, मारित, खूश आहे आणि आमची हिल्मा तर आल्या आल्या बर्फात लोळली. सात वर्षांची पोर, पायाला भिंगरी. जेवतानासुद्धा खुर्चीखाली तिचे पाय चालूच असतात.

नोकरी लाकडी घरांच्या कारखान्यात. गिऱ्हाईक येतं, आमच्या प्रोग्राममध्ये भिंती-खिडक्या निवडतं आणि घर बांधण्याआधीच पडद्यावर बघतं. ते दाखवणारा भाग आता फार जुना झालाय. त्याच प्रोग्रामच्या पोटात मी नवी चित्रखिडकी बसवायची, म्हणजे घर चहूबाजूंनी फिरवून बघता येईल. मालक वेइक्को केम्पाइनेन अबोल माणूस. त्यांच्या वाटणीचंही केर्ट्टुबाई बोलून घेतात. त्या ऑफिस सांभाळतात. पहिल्याच कॉफीला म्हणाल्या, शहरातली माणसं इथं एक हिवाळा टिकतात, तू जरा गुबगुबीत आहेस, दोन टिकशील.

२६ फेब्रुवारी

खिडकी बसली. आधी काळीठिक्कर राहिली, मग तिनं कीबोर्डच बळकावला. शेजारच्या रकान्यात एक अक्षर टाकू देईना. भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी. आता गुणानं वागते. कॉम्प्युटर उगाच तापू नये म्हणून मी एक सोय केलीय: चित्रात काही हललं तरच खिडकी नव्यानं चित्र काढते, एरवी गप्प बसते. किती वेळा काढलं त्याचा आकडा कोपऱ्यात दिसतो. घर फिरवलं की तो पळतो, हात उचलला की थांबतो.

एक अडचण उरलीय. प्रत्येक घराच्या दाराशी एक लहान मुलगी उभी असते, दाराची उंची कळावी म्हणून. तिची जुनी फाईल नव्या खिडकीत उघडत नाही. फाईलचं नाव सायमी. केर्ट्टुबाईंना विचारलं तेव्हा कळलं, ती वेइक्कोंची मुलगी. रक्ताच्या आजारानं गेली, त्याला बरीच वर्षं झाली. वेइक्को रोज कप घेऊन पडद्यासमोर बसतात ते घरं बघायला नव्हे. "तिला हरवलंस तर मला तोंड दाखवू नकोस," एवढं म्हणून केर्ट्टुबाई वाटाण्याचं सूप गरम करायला गेल्या.

३ मार्च

शाळेला स्कीची सुट्टी, म्हणून हिल्माला कामावर घेऊन गेलो. फाईल काही केल्या उघडेना. वेइक्कोंना हे कोणत्या तोंडानं सांगू? शेवटी हिल्माला लाल टोपीसकट उभं केलं, फोननं सगळ्या बाजूंनी फोटो काढले आणि त्यांतून मुलगी तयार केली. चेहरा मुद्दाम पुसट ठेवला. नाव मात्र सायमीच राहू दिलं. प्रोग्राममध्ये ते जागोजागी पेरलेलं आहे, कोण खणत बसणार.

वेइक्को आले, बसले. कप खाली ठेवला. मग म्हणाले, टोपी नवी दिसते. त्यांचे डोळे भरून आले होते. मी खोटं बोललो नाही आणि खरंही सांगितलं नाही. घरी येताना वाटलं, चांगलं काम झालं.

९ मार्च

आकडा आपोआप वाढतोय. माझा हात माउसवर नाही, घर जागचं हलत नाही, तरी खिडकी चित्र काढतेय. म्हणजे आत काहीतरी हलतंय. झाडं काढून पाहिली, ढग काढले, सावल्याही काढल्या. उरली ती मुलगी. तिच्यात हलण्यासारखं मी काही ठेवलेलंच नाही. वेइक्को समोर बसले की आकडा जास्तच पळतो.

घरी मारितनं सांगितलं, हिल्मा जेवताना चमचा तोंडाशी धरून तशीच बसून राहिली. हाका मारल्या तरी ओ नाही.

१३ मार्च

हिल्माला दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणतात, काही झालेलं नाही. खुर्चीखाली तिचे पाय नुसते लोंबत असतात. मला बघवत नाही.

पडद्यावरच्या मुलीनं टोपी काढलीय. चेहरा पुसट राहिलेला नाही. आमच्या हिल्माचा नाही तो चेहरा. वेइक्को तिला गोष्टी सांगतात, हसतात. केर्ट्टुबाई म्हणाल्या, सायमी गेल्यापासून हा माणूस हसला नव्हता. आणि पडद्याकडे पाठ करून बसल्या.

१७ मार्च

मारितशी बोलून वेळा ताडून पाहिल्या. पडद्यावरची इथं हलते तेव्हा आमची हिल्मा थांबते.

खिडकी बंद केली. लगेच मारितचा फोन — हिल्मा श्वास घेत नाही. उघडली. घेतला.

बंद करता येत नाही. चालू ठेवता येत नाही.

१८ मार्च

वेइक्कोंना सगळं सांगितलं. फोटो, नाव, सगळं. रागावले नाहीत.

"मला पहिल्या दिवशीच कळलं होतं रे, ओस्सी. पण ती हलली. माझ्या जागी तू असतास तर उठून गेला असतास?"

नसतो गेलो. तसं म्हणालो नाही. एवढंच म्हणालो, तिला बोलावू नका, माझी जाते.

मुलगी दारापासून बरीच पुढे आलीय.

१९ मार्च

हिल्मा सकाळपासून उठली नाही. डोळे उघडे आहेत. अँब्युलन्स निघालीय. मी घरी जावं की इथं — इथं. इथंच आहे ती.

हाका मारतोय. हिल्मा, हिल्मा. शेजारी वेइक्को हाका मारतायत, सायमी, सायमी. ती काचेपाशी उभी, एकदा त्यांच्याकडे बघते, एकदा माझ्याकडे.

वेइक्को गप्प झाले. स्वतःहून. दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलंय. देव त्यांचं —

मी एकटाच हाक मारतोय. ती मागे वळली. दाराकडे चालली. मारितचा फोन, रडतेय, हसतेय. हिल्मा उठून बसली. बोलतेय. बाबांना मागतेय.

मी फोनवर म्हटलं, बाळा, मी आहे ना.

ती म्हणाली, तुम्ही नाही. माझे बाबा. वेइक्को.

फोन त्यांना दिला. दुसरं काय —

पडद्यावर पुन्हा लाल टोपी, हिल्माची. चेहरा पुसट. तिनं दार ढकललं. हिल्मा थांब. आत जाऊ नकोस, आत मी काहीच काढलेलं —