माझाच बेस, माझ्याशिवाय

रत्नागिरी,
मंगळवार, १० डिसेंबर २०२४

प्रिय यज्ञेशदादा,

नमस्कार. पत्र बघून दचकू नकोस, घरी सगळी धडधाकट आहेत. मोबाइलवर लिहिलं असतं तर तू अंगठ्याचं चित्र टाकून मोकळा झाला असतास, म्हणून कागद घेतला. आमच्या लॅबमधली ईशा उद्या गणपतीपुळ्याला येत्ये, तिच्या हाती देत्ये.

कलमांना मोहोर बरा दिसतोय. बाबा दिवसातून दहा वेळा मान वर करून बघतात, आता मान धरली आहे. वासंतीकाकूचा गुडघा पुष्कळ बरा. महिनाभर तू घरी फिरकला नाहीस म्हणून तुझ्या आईची कुरकुर चालू असते, ती गुडघ्याची नव्हे. लॅबमध्ये डेंग्यूची गर्दी ओसरली. दिवसाला चाळीस जणांचं रक्त काढत होते, आता पंधरावर आलंय.

बेस गिटार रोज वाजवत्ये. नवीन तारा घातल्या. आपल्या बँडचे प्रोग्रॅम मार्चपर्यंत बंद आहेत असं तू म्हणालास, तरी बोटं जड व्हायला नकोत म्हणून.

आठवतं का रे, कोल्हापूरला तो घ्यायला गेलो होतो? मला खरं तर भिंतीवरची लाल गिटार हवी होती. तू म्हणालास, "गिटारवाले गल्लोगल्ली आहेत गो, बेसवाला मिळत नाही. तू चार तारा धर." दुकानदाराने माझे हात बघून आखूड मानेचा बेस काढला, तो तू परत ठेवायला लावलास. मग एकेक बेस अ‍ॅम्पला न जोडता मला पोटाशी धरायला दिलास. "डोळे मीट. जो पोटात घुमेल तो आपला." पाचवा घुमला. सगळ्यात जड तोच निघाला! दोन महिने मनगट शेकत होते, पण तुझ्या शब्दाखातर आखूड बेसचं नाव काढलं नाही.

किती बावळट होते मी.

बरं, उगाच लांबण लावत्ये. शनिवारी ईशाचा वाढदिवस म्हणून आम्ही लॅबमधल्या सहाजणी गणपतीपुळ्यालाच आलो होतो. सातचा सुमार असेल, देवळातून बाहेर पडून चहा शोधत होतो. आपले प्रोग्रॅम व्हायचे त्या रिसॉर्टच्या बाजूने आपलं कोळीगीत ऐकू आलं, आपण रॉकमध्ये बसवलेलं. वाटलं, कोणीतरी जुनं रेकॉर्डिंग लावलं असेल. पण गाताना मध्येच तू टेबलावरच्या कोणाला तरी वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्यास. म्हणजे तुम्ही तिथे उभे राहून वाजवत होतात. मग बेस कोण वाजवतंय?

तिसरं कडवं आलं आणि बेस चार ठोके आधीच खालच्या सुरावर उतरला.

ती माझी चूक, दादा. ती दुसरं कोणी करत नाही. त्या चार ठोक्यांसाठी तीन वर्षं तू मला सगळ्यांदेखत झापलंस. आणि शनिवारी? तुम्ही चौघंही माझ्याबरोबर चार ठोके आधी उतरलात, अगदी एकत्र! सराव केला असणार.

कुंपणाशी जाऊन बघितलं. मी उभी राहते तिथे स्टूल, आणि स्टुलावर तुझा लॅपटॉप.

मे महिन्यात तू मला आठ दिवस खोलीत बसवून बत्तीस गाण्यांचा माझा बेस लॅपटॉपवर भरून घेतलास. "पुढे कोणी नवीन आला तर सरावाला लागतील." मी म्हटलं, कोळीगीत परत घेऊया, चुकलंय. "राहू दे गो, कोण ऐकतंय!" पंख्याचा आवाज येतो म्हणून पंखा बंद ठेवून, घामाने निथळत वाजवलं मी. स्वतःच्या हाताने स्वतःची सुट्टी करून दिली. भाऊबीजेला पाटावर बसलास तेव्हा हे सगळं चालूच होतं ना? मी ओवाळत होते, आणि तू हसत म्हणालास, "मार्चपर्यंत आराम कर." लाज कशी वाटली नाही रे मेल्या?

गाणं संपल्यावर ऋत्विक ड्रमवरून उठून धावत बाहेर आला. मला वाटलं, ओशाळला असेल. तर हात पुढे करून म्हणतो, "अभिनंदन! दादा म्हणाला, तुझं लग्न ठरलंय, सासरी चालत नाही म्हणून सोडलंस. आम्हाला सांगायचंस तरी!" मी थँक यू म्हटलं. खरंच म्हटलं. त्याच्याकडूनच कळलं की रिसॉर्टला पाचऐवजी चारच माणसं हवी होती.

हे तू मला सांगितलं असतंस तर मी रडले असते, भांडले असते, पण समजून घेतलं असतं. लग्नाची थाप कशाला? मुलगी दिसेनाशी झाली आणि लग्न ठरलं म्हटलं, की पुढे कोणी विचारत नाही. सोपं पडलं तुला.

आणि थाप मारताना तुला लांज्याचं स्थळ आठवलं नाही? एप्रिलमध्ये त्या लोकांनी मला पसंत केलं, फक्त दारूच्या ठिकाणी वाजवणं बंद करा म्हणाले. मी नाही म्हटलं. आई महिनाभर माझ्याशी धड बोलली नाही. तू सगळ्यांसमोर म्हणालास, "ओवीने बरोबर केलं. तिच्याशिवाय बँड उभा राहत नाही." केवढी हरखले होते मी! आणि पुढच्याच महिन्यात तू माझी गाणी भरून घेतलीस.

तेव्हा एक गोष्ट मी कोणालाच सांगितली नाही, तुलाही नाही. मला तो मुलगा आवडला होता. दोनदा भेटलो आणि दोन्ही वेळा हसून हसून मला ठसका लागला. तरी नाही म्हटलं. गेल्या महिन्यात त्याचं लग्न झालं.

तर आता ऐक. येत्या शनिवारी साडेसहाला मी बेस घेऊन येत्ये. त्याआधी ऋत्विकला आणि बाकीच्यांना तू स्वतः सांगायचंस, की ओवीचं लग्नबिग्न काही ठरलेलं नाही, मी खोटं बोललो. ते तुझ्याच तोंडून निघायला हवं. ती संध्याकाळ मी वाजवणार आणि शेवटी माइक हातात घेऊन सांगणार, की आज मी बँड सोडत्ये. मला आता तुझ्याबरोबर वाजवायचंच नाही. पण बँड मी सोडणार, माझ्या तोंडाने, सगळ्यांना ऐकू जाईल असं. तू मला परस्पर वजा करायचं नाहीस.

"तुझी लाडकी" लिहायला हात गेला होता, आवरला.

ओवी हरिहर आठल्ये
(आडनाव तुझंच आहे, त्याला माझा इलाज नाही.)