नर्सबाईचं पागोटं

आई, बाबा अजूनही विचारतात, "कोन होता तो?" तू देवाघरी जाऊन इतकी वर्षं झाली, त्यांच्या दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली, कानाला यंत्र आलं, पण हा प्रश्न जागचा हलला नाही. लोणारच्या देवळाच्या भिंतीशी उभी राहून तू हसतेस, तो फोटो आता त्यांच्या औषधांच्या डब्यात असतो. सकाळची गोळी काढताना तो हाताला लागतो आणि ते भिंग लावून बसतात. तुला नाही बघत. तुझ्या पायांपर्यंत आलेली सावली बघतात, फोटो काढणाऱ्याची. दोन्ही कोपरं बाहेर काढलेली आणि डोक्यावर भलंमोठं काहीतरी बांधलेलं.

संग्रामपूरच्या भाड्याच्या घरातली ती संध्याकाळ मला स्वच्छ आठवते. तू चुलीपुढे भाकरी थापते आहेस, मी पाढे लिहिते आहे आणि बाबा तुझ्या ट्रंकेत सापडलेला फोटो घेऊन दाराच्या उजेडात उभे आहेत. माझ्या जन्माआधी तू शिकवायचीस त्या शाळेतल्या बायकांची सहल दवाखान्यातल्या नर्सबाईला सोबत घेऊन लोणारला गेली होती, तेव्हाचा तो फोटो. तू तव्यावरून नजर न काढता सांगितलंस, "नर्सबाईनं काढला. तिच्या भावाचा कॅमेरा होता." बाबा म्हणाले, "नर्सबाई काय डोक्याले पागोटं बांधते?" मला फिस्सकन हसू आलं. तू हसली नाहीस. "एक डाव सांगतलं. आता दुसऱ्यांदा नाई सांगनार." आणि खरंच, पुन्हा कधी सांगितलं नाहीस. नर्सबाईची बदली केव्हाच झाली होती, ती कुठे गेली कोणाला ठाऊक नव्हतं, आणि तुझ्या गप्प बसण्याचा बाबांनी त्यांना हवा तो अर्थ लावला.

त्यांनी तुझ्यावर कधी हात उगारला नाही, आवाजही चढवला नाही. नुसते विचारत राहिले. शाळेतून यायला उशीर काऊन झाला, नवा मास्तर कुठला, अमडापूरच्या लग्नात कोणाशी बोलून राह्यली होती. घरात सदा कोणीतरी चौथं माणूस असल्यासारखं वाटायचं. कॉलेजात असताना एकदा धीर करून मीच विषय काढला, तर तू पाखडता पाखडता हातातलं सूप खाली ठेवलंस आणि म्हणालीस, "तू बी माहा तपास करून राह्यली काय?" तुझा तो चेहरा पाहून मी पुन्हा तोंड उघडलं नाही. पण तपास मात्र मनात चालूच राहिला, शेवटी मी बाबांचीच मुलगी.

म्हणून या हिवाळ्यात लोणारला गेले. जुन्या बाजारातून एक जुना कॅमेरा मिळवला, पोटाशी धरून वरून काचेत डोकवायचं, त्या काळी असायचा तसला. रोल काळा-पांढराच घेतला, कारण तीच भिंत, तेच ऊन आणि तशीच सावली मला तुझ्या फोटोशेजारी ठेवून पाहायची होती. बाबांना सांगितलं, मेहकरला लग्न आहे. कोणाचं, हे त्यांनी विचारलंच.

देवळाचा पहारेकरी पहिल्यापासून माझ्या मागे मागे. "मॅडम, कोनत्या चॅनलच्या?" मी म्हटलं, घरचा काळा-पांढरा फोटो काढायचा आहे. "घरचा फोटो, अन् भिंतीचा? तोई काया-पांढरा?" फोटोत तुझ्या खांद्याशेजारी एक हात तुटलेली मूर्ती आहे, ती शोधत मी मागची भिंत चाचपत होते, तेव्हा तर त्याची खात्रीच पटली. "हे पाहा, गुप्तधन-बिप्तधन काई नाई इथं. लय जन येऊन गेले." मग नाइलाजाने त्याला तुझा फोटो दाखवला. त्याने सावलीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. "माय होय का तुमची? मस्त हसून राह्यल्या." इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्या फोटोत कोणीतरी सावलीआधी तुला पाहिलं होतं.

मूर्ती सापडली. पहारेकऱ्याला तुझ्या जागी उभं केलं, तो हाताची घडी घालून आरोपीसारखा उभा राहिला. दुपार कलली होती, ऊन माझ्या पाठीशी. खाली काचेत पाहते तर नुसता चकचकाट, भिंतही दिसेना की माणूस. म्हणून मी पदर डोक्यावरून पुढे ओढला, कॅमेऱ्यावर घेतला आणि तो घसरू नये म्हणून कोपरं बाहेर काढून दोन्ही हातांनी ताणून धरला. काचेत पहारेकरी लख्ख दिसला. खटका दाबला, मान वर केली आणि समोर जमिनीवर पागोटेवाला उभा. माझ्याच पायांतून निघालेला. मी इतक्या जोरात हसले की पहारेकऱ्याने माझी पिशवीच तपासली.

रोल धुऊन आल्यावर दोन्ही फोटो बाबांपुढे ठेवले. त्यांनी भिंग लावलं. "हा कोन आता?" पहारेकरी, मी म्हटलं. त्याच्यावरून भिंग खाली सावलीवर आलं, मग तुझ्या फोटोतल्या सावलीवर, पुन्हा माझ्या. मी पदर ओढून दाखवला. मग म्हणाले, "मंग पदराचं तिनं काऊन नाई सांगतलं?" मला तुझ्या वाटचा राग आला. म्हटलं, तिनं नर्सबाई सांगितलं होतं, बाबा, तेवढ्यावर भागायला पाहिजे होतं. भिंग पहिल्यांदाच तुझ्या चेहऱ्यावर गेलं आणि तिथेच थांबलं. "मंग एवढी हसली काऊन?" आमच्या घरात तू तशी हसलेली मी पाहिलेली नाही, आणि त्यांनीही नसावी.

आता माझं सांगते. पागोटेवाला नव्हताच हे कळलं तेव्हा मी हसले, ते खरं. पण आई, मला तो हवा होता. बाबांच्या प्रश्नांना कंटाळून तू भिंतीकडे तोंड करून निजायचीस, तेव्हा मी मनातल्या मनात त्याला तुझ्या उशाशी आणून बसवत असे, तुला हसवायला. इतकी वर्षं मी त्याला जपलं आणि त्याचं पागोटं मीच माझ्या हाताने उतरवलं. तुला लिहिलेला हा कागद आता फाडून टाकते. घरात राहिला तर बाबांच्या हाती लागेल आणि ते भिंग घेऊन विचारतील, "हा कोन?"