डिझेल कुठं मुरतंय

प्रिय अहो,

नवरा सीमेवर आणि बायको पहिल्याच ओळीत ट्रॅक्टरच्या डिझेलबद्दल लिहिते, म्हणून हसाल. हसा. पण नांगरटी सुरू झाल्यापासून मला दुसरं काही सुचत नाही.

रीत तुम्हीच शिकवलेली. सकाळी टाकी गळ्यापर्यंत भरायची, संध्याकाळी मापानं पुन्हा गळ्यापर्यंत आणायची, म्हणजे दिवसाचं डिझेल कळतं. यंदा तुमच्या तात्यांना तेवढ्याच रानाला जवळजवळ दुप्पट लागतंय. आधी वाटलं, फाळ बोथट झाले असतील, म्हणून धार लावून आणली. मग मिस्त्रीला बोलावलं. इंजिन ठणठणीत निघालं. शेवटी शंका आपल्या गड्यावर, नाथाजीवर गेली आणि मी डिझेलच्या खोलीला कुलूप घातलं. त्या दिवसापासून तो आपल्याकडचा चहा घेत नाही.

तरी डिझेल उडतच होतं. म्हणून एक दिवस भाकरी घेऊन जरा लवकरच रानात गेले. तुमचे वडील आदल्या दिवशी नांगरलेल्या तुकड्यातच पुन्हा नांगर घालत होते. म्हटलं, ढेकळं मोठी राहिली असतील. त्यांना नांगरट शिकवणारी मी कोण? दुसऱ्या दिवशी गेले, तर ट्रॅक्टर बांधाला नुसताच धडधडत होता आणि ते स्टेअरिंग धरून बसलेले. मला म्हणाले, "पोरी, घराकडं कुठनं जायाचं गं?" थट्टा करतायत असं वाटून मी हसले. ते हसले नाहीत.

काल त्यांनी फुटवे आलेल्या उसाच्या खोडव्यात नांगर घातला. मी पुढ्यात उभी राहिले तेव्हा कुठं थांबले. खाली उतरून उपटलेलं बेट हातात घेतलं आणि मलाच विचारलं, "ह्यो ऊस कुणी मोडला? शंभू आलाय व्हय?" तुमचं नाव ऐकून मला रडू आवरलं नाही. विश्रामबागच्या डॉक्टरांचं नाव काढलं की चिडतात. ट्रॅक्टरची किल्ली मागितली तर म्हणतात, शंभू आल्याबिगार कुणाला देणार न्हाई. फोनवर हे सांगता येत नाही, ते शेजारीच बसलेले असतात. मला फार भीती वाटते, रोज काही मी ट्रॅक्टरपुढं उभी राहू शकणार नाही. साहेबांच्या हातापाया पडा, पण रजा काढून या. अजून ते तुम्हाला ओळखतात, तोवर या.

तुमचीच,
क्रांती